‘चाललंय’ एवढ्या उत्तराचं काय करायचं?

१९९२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये मुंबईतल्या एका अभ्यासावरचा निबंध छापून आला. मिचेल वाइस हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ, परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. डी. आर. डुंगाजी आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास. विषय होता कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य. नुकतंच निदान झालेले ५६ कुष्ठरुग्ण, अंगावर पांढरे डाग असलेले १९ जण आणि शिबं झालेले १५ जण अशा तीन गटांशी ही मंडळी बोलली. तिन्ही दुखणी त्वचेवर दिसणारी. पण पहिली दोन झाली की लोक लांब सरकतात, लग्नं मोडतात. शिब्यांचं कुणी फारसं मनावर घेत नाही. नैराश्य, चिंता किंवा मनाचा त्रास अंगदुखीच्या रूपानं बाहेर पडणं यांचे वैद्यकीय निकष कुष्ठरुग्णांपैकी निम्म्यांना लागू पडले. पांढरे डाग असलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं आणि शिबं असलेल्यांत २० टक्के.

आजार अंगाला जेवढा ग्रासतो त्याहून लोकांची नजर मनाला अधिक ग्रासते, एवढं या आकड्यांवरून दिसतं. गट लहान होते, तरी उतरंड स्पष्ट आहे. पण मला या निबंधात सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसराच निष्कर्ष. शरीरात उष्णता वाढली, दोष बिघडले, अशा जुन्या वैद्यकाच्या भाषेत जे रुग्ण आपल्या आजाराचं कारण सांगत, ते दवाखान्यात अधिक नियमितपणे येत होते. आरोग्यशिक्षणाची नेहमीची समजूत याच्या नेमकी उलट असते. जंतूंची माहिती नसलेला, ‘उष्णतेनं झालं’ म्हणणारा माणूस औषध अर्धवट टाकणार, असं आपण धरून चालतो. इथं तोच माणूस पुढच्या तारखेला हजर होता.

हा निष्कर्ष हाती कसा लागला, ते पाहण्यासारखं आहे. ‘हा रोग जंतूंमुळे होतो हे तुम्हाला माहीत आहे का, हो की नाही?’ असा छापील प्रश्न विचारला असता, तर ‘नाही’ म्हणणाऱ्यांची एक मोठी रास झाली असती. त्या राशीत उष्णता म्हणणारा, पूर्वजन्मीचं पाप म्हणणारा, कुणीतरी करणी केली म्हणणारा आणि कधी विचारच न केलेला, असे सगळे एकाच आकड्याखाली गेले असते. वाइस आणि केईएमच्या मंडळींनी मुलाखतीची एक पद्धत त्यासाठीच घडवली. तिचं संक्षिप्त नाव ‘एमिक’. तुम्हाला काय होतंय, कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, कुणाकुणाकडे जाऊन आलात, घरच्यांपासून काय लपवलंत, असं ती विचारते. रुग्ण त्याच्या शब्दांत बोलतो. ते शब्द जसेच्या तसे टिपले जातात आणि शेजारीच ठरावीक वर्गांमध्ये त्यांची नोंद होते. ही पद्धत पुढे अनेक देशांत वापरली गेली तेव्हा गुणांकनाची एक साधी युक्ती रूढ झाली. एखादं कारण माणसानं आपणहून सांगितलं तर दोन गुण. विचारल्यावर ‘हो, तेही असेल’ म्हणाला तर एक. आणि ‘या सगळ्यांत मुख्य कोणतं?’ यावर त्यानं त्याच कारणावर बोट ठेवलं, तर आणखी तीन. आपणहून निघालेला शब्द आणि पुढ्यात ठेवल्यावर उचललेला शब्द यांत अंतर असतं, हे इथं आकड्यातही उतरलं.

वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय केईएमपासून फार लांब नाही. १८९० साली ते उभं राहिलं आणि ज्यांचं नाव त्याला मिळालं ते म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ हे मराठी पोवाड्यांचे संग्राहक होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडचे शब्द मोलाचे मानून उतरवून घेणारा आणि कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारणारा माणूस एकच होता. त्या आश्रयस्थानातल्या रुग्णांचे शब्द मात्र तेव्हा कुणी असे उतरवून ठेवले नाहीत. त्यासाठी पुढची शंभर वर्षं जावी लागली.

माणसांच्या शब्दांत टिपलेल्या अशा सामग्रीला मानसशास्त्रात गुणात्मक सामग्री म्हणतात. मुलाखती, रोजनिशा, पत्रं, गटचर्चा, निरीक्षणाच्या वह्या, सगळं तिच्यात आलं. ती गोळा करणं कष्टाचं असतं, पण त्याहून अवघड काम पुढे असतं. एका तासाच्या मुलाखतीची पंचवीस-तीस पानं सहज होतात. वीस मुलाखती घेतल्या की पाचशे-सहाशे पानांचा ढीग समोर येतो आणि त्याचं करायचं काय, इथं दादर-माटुंग्याच्या कॉलेजांतली एम. ए.ची मुलं हमखास अडतात. बरेच प्रबंध इथूनच घसरतात. चार ठळक मथळे द्यायचे, प्रत्येकाखाली तीन-तीन अवतरणं टाकायची आणि याला विश्लेषण म्हणायचं, असा प्रकार होतो. ती नुसती कात्रणं असतात. विश्लेषणात अभ्यासकाला आपलं म्हणणं मांडावं लागतं आणि ते म्हणणं कोणत्या वाक्यावर उभं आहे, तेही दाखवावं लागतं.

मुलाखत कागदावर उतरते तिथपासूनच विश्लेषणाची सुरुवात होते. दादर पूर्वेच्या नायगावच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घेऊ. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. मधल्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना दारं, आणि ती बहुधा दिवसभर उघडी. अशा खोलीत एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत चालू असेल, तर तिथं फक्त तो आणि तुम्ही असे दोघेच कधी नसता. बायको ओट्यापाशी असते, सून कपड्यांच्या घड्या घालत असते, शेजारचे काका ‘कोण आलंय?’ म्हणून डोकावून जातात. आजोबा सांगतात, ‘त्या वर्षी आम्ही गावाला गेलो.’ ओट्याकडून आवाज येतो, ‘आम्ही नाही, तुम्ही. मी इथंच होते पोरांना घेऊन.’ मुलाखत आजोबांची आहे म्हणून पुष्कळ जण हे वाक्य उतरवतच नाहीत. माझ्या मते त्या तासातलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य असू शकतं. किती वेळ गप्प राहिले, कुठं हसले, कुठं ‘आम्ही’चं ‘मी’ झालं, हे ज्यानं टिपलं नाही त्याच्या हाती निम्मीच मुलाखत आलेली असते. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्याचं बोलणं प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेणाऱ्याचंही तेच होतं. ते पुढे इंग्रजीत नेऊन इंग्रजीवरच काम करणाऱ्याचं तर विचारायलाच नको.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहू. पुढचा उतारा मी नमुन्यासाठी रचला आहे, तो कुणा खऱ्या माणसाचा नाही. विषय १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते.

‘मी साच्यावर होतो. साचेवाला म्हटलं की मान होता. मग संप झाला. पहिल्यांदा वाटलं दोन-तीन महिने. गावाला गेलो, आलो, परत गेलो. मंडळी डबे करायला लागली. मी कुठं जात नव्हतो. म्हणजे जायचो, नाक्यावर. लोक विचारायचे, काय? मी म्हणायचो, चाललंय. अजून पहाटे जाग येते भोंग्याच्या टायमाला.’

साचा म्हणजे गिरणीतला माग. पहिलं काम म्हणजे ओळीओळीला एक छोटं लेबल लावणं. विद्यार्थी त्याला कोडिंग म्हणतात. नवशिक्याची लेबलं अशी असतात: संप, गाव, बायकोचं काम, नाका, भोंगा. यात चूक काही नाही, पण उपयोगही नाही. हा माणूस कशाबद्दल बोलला तेवढंच ती सांगतात, काय म्हणाला ते सांगत नाहीत. जरा थांबून वाचलं की लेबलं बदलतात. ‘मी साच्यावर होतो’ याला ‘ओळख कामाच्या जागेवरून देणं’ असं लेबल लागतं, कारण त्यानं गिरणीचं नाव घेतलं नाही, पगार सांगितला नाही, कुठं होतो ते आधी सांगितलं. ‘दोन-तीन महिने’ आणि ‘गेलो, आलो, परत गेलो’ यांना ‘मुदत नसलेलं वाट पाहणं’. ‘मंडळी डबे करायला लागली’ इथं मी लेबलाशेजारी एक टीपही लिहीन. घर ज्या कमाईवर चाललं ती सगळी कमाई चार शब्दांत आटोपली आहे. कुणासाठी डबे, किती, पहाटे किती वाजता उठून, यातलं काहीही नाही. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या भागात, खाणावळी चालवणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यासाठीच. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्याला ते चार शब्द पुढे रेटून जाता येत नाहीत.

त्यानंतर येतं, ‘मी कुठं जात नव्हतो. म्हणजे जायचो, नाक्यावर.’ इथं माणसानं आपलंच वाक्य दुरुस्त केलं. अशा दुरुस्त्या सोन्याच्या असतात. त्याच्या लेखी नाक्यावर जाणं हे ‘जाणं’ नव्हतंच. जाणं म्हणजे पाळीला जाणं. आणि शेवटी पहाटेची जाग. तिला ‘आठवण’ हे लेबल थोडं पडतं, कारण आठवण काढावी लागते. इथं शरीर अजून पाळी करतंय.

तेवढ्यात दुसरा अभ्यासक हाच उतारा वाचून म्हणतो, की यात मला सगळीकडे लाज दिसते. नाक्यावरचं उभं राहणं, बायकोची कमाई उरकून टाकणं, ‘चाललंय’ म्हणून विषय मिटवणं, सगळं लाजेनं भरलंय. पहिला म्हणतो, लाज हा शब्द त्याच्या तोंडी कुठंच नाही. मला कंटाळा आणि शोक दिसतो. बरोबर कोण, याचा निवाडा या एका उताऱ्यावर होणार नाही. बाकीच्या मुलाखतींकडे जावं लागतं, आणि जाताना आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारी वाक्यं वेचत सुटायचं नसतं. आपलं म्हणणं खोटं पाडेल असा माणूस शोधायचा असतो. ‘बायको डबे करायची, मी घरोघर पोचवायचो, चार पैसे जास्त सुटायचे,’ असं मोकळेपणानं सांगणारा एखादा साचेवाला भेटला, की ‘बायकोची कमाई म्हणजे पुरुषाची लाज’ हे सूत्र तसंच्या तसं टिकत नाही. मग ते अधिक नेमकं करावं लागतं. लाज नक्की कुणाला वाटली, कुठल्या परिस्थितीत, कुणासमोर? या एका अपवादानं विश्लेषण जेवढं पुढे सरकतं, तेवढं दुजोऱ्याच्या दहा वाक्यांनी सरकत नाही.

या शास्त्रात एकच पद्धत नाही, आणि पद्धत बदलली की त्याच शब्दाला विचारायचा प्रश्नही बदलतो. ‘चाललंय’ हाच शब्द घेऊ. इंग्लंडमधल्या जोनाथन स्मिथ यांनी १९९० च्या दशकात अनुभवाच्या बारकाईनं केलेल्या वाचनाची जी पद्धत मांडली, तिचा अभ्यासक या एकाच माणसापाशी खूप वेळ थांबेल. ते रिकामे महिने या माणसाला आतून कसे वाटले, वेळ कसा लागला, ‘चाललंय’ म्हणताना त्याला काय चालताना दिसत होतं, हे तो शोधेल. त्याला पाच-सहा माणसं पुरतात. जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांनी १९८७ च्या त्यांच्या पुस्तकात संभाषिताच्या विश्लेषणाची बाजू मांडली. त्या वाटेचा अभ्यासक मनात डोकावायलाच नकार देईल. तो विचारेल, की नाक्यावर या शब्दानं काम काय केलं? पुढचा प्रश्न थांबवला, विचारणाऱ्यालाही अवघडू दिलं नाही, दोघांची पत राखली. आणि तोच संवाद आज मुलाखतीत पुन्हा ऐकवून तो माणूस अभ्यासकालाही तेवढ्यावरच थांबवतोय का, हेही तो विचारेल.

तिसरी वाट बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत मरणपंथाला लागलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना, कुणाला काय माहीत आहे आणि कोण कुणापासून काय लपवतं, हे ते टिपत होते. त्यातून १९६७ मध्ये त्यांनी सामग्रीतूनच सिद्धान्त उभा करण्याची पद्धत पुस्तकरूपानं मांडली. त्यांचा अनुयायी ‘चाललंय’ ऐकून मुलाखती थांबवेल, विचार करेल आणि पुढचा माणूस मुद्दाम निवडेल: संपाच्या काळात सगळ्यांना उघडपणे ‘घरात दाणा नाही’ सांगणारा. झाकणारा आणि उघडं करणारा यांच्यात फरक कशानं पडतो हे त्याला हवं असतं. युनियनमधला हुद्दा, गावाकडची जमीन, शेजाऱ्यांशी असलेली देवघेव, असे धागे तो एकेक तपासत जातो. मुलाखती आणि विश्लेषण तिथं हातात हात घालून चालतात. सगळ्या मुलाखती आधी उरकून मग वाचायला बसणाऱ्याला ही पद्धत वापरल्याचा दावा करता येत नाही, तरी तो सर्रास केला जातो.

आज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त चालते ती चौथी वाट, थीमॅटिक अ‍ॅनालिसिस. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या २००६ च्या लेखानं तिला शिस्त लावली. सामग्री पुन्हापुन्हा वाचणं, लेबलं लावणं, लेबलांतून थीम बांधणं, त्या सामग्रीवर घासून पाहणं, त्यांना नेमकी नावं देणं आणि लिहिणं, असे सहा टप्पे त्यांनी सांगितले. पायऱ्या सोप्या वाटतात म्हणूनच तिचा गैरवापरही सर्वांत जास्त झाला. ‘मुलाखतींमधून पाच थीम पुढे आल्या’ हे वाक्य प्रबंधाप्रबंधांत भेटतं. त्याला या दोघींचा ठाम आक्षेप आहे आणि मला तो पूर्ण पटतो. थीम आपोआप वर येत नाही. ती अभ्यासकानं त्याच्या प्रश्नातून, वाचनातून, आयुष्यातून घडवलेली असते. ‘पुढे आल्या’ म्हटलं की घडवणारा हात झाकला जातो आणि त्या हाताला कुणी जाब विचारू शकत नाही. ‘कुटुंब’ किंवा ‘आर्थिक अडचणी’ या थीमही नव्हेत, त्या नुसत्या खोक्यावरच्या चिठ्ठ्या झाल्या. ‘घर बायकोच्या कमाईवर चाललं, पण सांगताना ते पुरुषाच्या वाट पाहण्यातच मोजलं गेलं’ ही थीम होऊ शकते, कारण तिच्यात एक विधान आहे आणि ते चूक ठरू शकतं.

म्हणूनच अभ्यासक स्वतः कोण, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. केईएमच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण ‘मांत्रिकाकडे गेलो होतो’ हे सहज सांगत नाही. गिरणगावातल्या कामगाराची शिकलेली नात आजोबांची मुलाखत घेते तेव्हा दारूचा विषय टळतो. बाहेरचा कुणी आला तर तो उघडतो, पण गावच्या भाऊबंदकीचं राजकारण त्याला कळत नाही. यातली कुठलीच जागा निर्मळ नाही. आपण कुठल्या जागेवरून ऐकलं ते लिहून ठेवायचं, एवढंच अभ्यासकाच्या हाती असतं, आणि ते प्रस्तावनेत एक परिच्छेद टाकून भागत नाही. कुठलं वाक्य मला आवडलं आणि का, कुठल्या माणसाचा राग आला, हेही रोजच्या टिपणवहीत यावं लागतं.

दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे लेबलं लावून ती ताडून पाहण्याचीही एक रीत आहे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कापा हा गुणक, निव्वळ योगायोगानं जुळलेलं वजा करून खरी जुळणी किती ते सांगतो. एमिकसारख्या पद्धतीत, जिथं वर्ग आधी ठरलेले असतात आणि वेगवेगळे मुलाखतकार ते भरतात, तिथं ही तपासणी हवीच. सगळीकडे तिचा आग्रह धरणं मला चुकीचं वाटतं. वर दोघांना एकाच उताऱ्यात लाज आणि शोक दिसला, त्या मतभेदातूनच विश्लेषण पुढे गेलं. जुळवून घेण्याच्या नादात दोघंही ‘नकारात्मक भावना’ या लेबलावर आली असती, तर गुणक उत्तम आला असता आणि हाती काहीच उरलं नसतं.

किती माणसं पुरेत, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती मागे जाऊन तपासल्या, तेव्हा बहुतेक लेबलं पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेलेली आढळली. त्यामुळे १२ हा आकडा पाठ झाला. त्यांच्या अभ्यासातल्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही नेमके होते, हे मात्र विसरलं जातं. गिरणगावात साचेवाला, बदली कामगार, जॉबर, धाग्याच्या खात्यातल्या बायका, खाणावळवाल्या, कोकणातले आणि घाटावरचे असे इतके थर आहेत, की १२ माणसांत एकेका थराला एक माणूसही धड येत नाही.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी या भागातल्या लोकांशी बोलून जो मौखिक इतिहास उभा केला, तो २००४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आला. त्याच्या नावातच शंभर वर्षं आणि शंभर आवाज आहेत. ते मानसशास्त्राचं काम नव्हे, तरी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं ते वाचावंच. एकाच संपाबद्दल, एकाच नेत्याबद्दल, एकाच गिरणीबद्दल माणसं किती वेगळं सांगतात आणि तरी त्यात एक गाव कसं दिसत राहतं, हे तिथं कळतं.

माणसं आठवणीत चुका करतात. मग अशा सामग्रीवर विसंबायचं कसं, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेला. इटलीनं नाटोत सामील होण्याच्या विरोधात निदर्शनं चालली होती. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी बऱ्याच वर्षांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी त्याला स्मरणदोष म्हणून बाजूला टाकलं नाही. साथीदार मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे सोसवत नसल्यामुळे गावानं तो मृत्यू नकळत आपल्या मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला होता. तारीख चुकली होती, पण ती कशी चुकली यातून कामगारांच्या मनाचा थांग लागला.

मुंबईच्या संपाला हे लावून पाहावं. तो संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही. त्यामुळे ‘संप कधी संपला?’ या प्रश्नाला खरं उत्तर तारखेत देता येत नाही. कुणी मुलीच्या लग्नाचं वर्ष सांगेल, कुणी गावी कायमचं परतल्याचं, कुणी कोहिनूर मिलच्या जागी टॉवर चढू लागला तेव्हाचं. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ही उत्तरं ‘विसंगत’ म्हणून गाळली जातील. विश्लेषकासाठी खरं काम तिथंच आहे. प्रत्येकानं शेवट कशाला बांधला, त्यात कुणाला धरून ठेवलं आणि कुणाला सोडून दिलं, हे पाहायचं.

केईएमच्या मानसोपचार विभागात पुढे डॉ. शुभांगी पारकर आणि सहकाऱ्यांनी मिचेल वाइस यांच्याबरोबर आणखी नाजूक विषयात एमिक पद्धत वापरली. स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांना, जीव सावरल्यावर, त्यांची हकिगत त्यांच्याच शब्दांत विचारली गेली. डॉक्टरांचं निदान आणि माणसाचं सांगणं शेजारीशेजारी मांडलं गेलं. नैराश्य आढळलंच, पण बऱ्याच जणांना कुठल्याही दीर्घकालीन मनोविकाराचे निकष लागू पडत नव्हते. त्यांच्या सांगण्यात घरातली भांडणं, पैशांची ओढाताण, नवऱ्याचं व्यसन असं बरंच होतं, आणि बायकांच्या व पुरुषांच्या हकिगतींचा पोतही वेगळा होता. फक्त निदानाचा रकाना भरला असता तर उपचाराची दिशा औषधापाशीच थांबली असती. या माणसांना बोलतं करण्यासाठी जो धीर आणि जी माया लागते, तिचा उल्लेख कुठल्याही पद्धतीच्या सहा टप्प्यांत सापडत नाही. मला मात्र ती पद्धतीचाच भाग वाटते.

अशा सामग्रीचं विश्लेषण लिहून झालं की छापताना एक शेवटची अडचण उभी राहते. नाव बदललं, गिरणीचं नाव काढलं की माणूस लपला, असं शहरातल्या अभ्यासकांना वाटतं. नायगावच्या चाळीत ‘साचेवाला, बायको डबे करायची, आणि अजून पहाटे भोंग्याच्या वेळेला उठतो’ एवढं वाचलं की अख्ख्या माळ्याला कळतं हा कोण. मग अभ्यासकाला एकेक तपशील सोडत जावं लागतं. खातं बदलावं का, डब्यांच्या जागी दुसरा घरगुती धंदा घालावा का, की वाक्यच गाळावं? खातं बदललं तर ‘साचेवाला म्हटलं की मान होता’ या वाक्याचा पाया जातो. धंदा बदलला तर खाणावळवाल्यांचा संदर्भ जातो. संमतीपत्रावर सही घेतली म्हणून ही जबाबदारी संपत नाही, कारण सही करताना आपलं कोणतं वाक्य उचललं जाणार हे त्या माणसाला माहीत नसतं. म्हणून निवडलेला उतारा घेऊन त्याच्याकडे पुन्हा जावं, तो वाचून दाखवावा, शक्य तर दार लोटून आणि तो एकटा असताना. बायकोचं वाक्य त्यात असेल तर तिलाही वेगळं विचारावं. तो नको म्हणाला तर उतारा काढावा, मग सगळी मांडणी त्यावर उभी असली तरी चालेल. त्या उताऱ्यानं जे शिकवलं ते इतर मुलाखती वाचताना वापरता येतं. ते वाक्य छापण्याचा हक्क मात्र आपल्याकडे उरत नाही.